बलाढ्य संघ एका रात्रीत गारद कसा होतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आले आहेत: अमेरिकी कॉलेज आइस हॉकीत छोट्या कॉलेजांचे संघ नामांकित संघांना बाद फेरीत घरी कसे पाठवतात. म्हणून हा सगळा रकाना त्यालाच दिला आहे.

प्रश्न: दर काही वर्षांनी बातमी येते, की फारसं कुणाला माहीत नसलेल्या कॉलेजनं एखाद्या दादा संघाला हरवलं. इतर खेळांपेक्षा आइस हॉकीत हे जास्त घडतं का? की बातमी होते म्हणून तसं वाटतं?

घडतंच जास्त, आणि त्याचं पहिलं कारण निव्वळ गणिताचं आहे. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) पुरुष स्पर्धेत २००३ पासून १६ संघ असतात आणि प्रत्येक फेरी एकाच सामन्याची. हरलात की सामान आवरायचं. समजा, मोठा संघ लहान संघाला दहापैकी आठ वेळा हरवतो. म्हणजे एका सामन्यात लहान संघाला २० टक्के संधी. तीन सामन्यांची मालिका ठेवली तर ही संधी १० टक्क्यांच्या आसपास उतरते. एनएचएल या व्यावसायिक लीगसारखी सात सामन्यांची ठेवली, तर साडेतीन टक्क्यांच्याही आत. संघ तेच, खेळ तोच, फक्त मालिकेची लांबी बदलली.

दुसरं कारण म्हणजे गोल कमी होतात. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघ मिळून शंभरावर गुण करतात, त्यामुळे एखाददुसरी नशिबाची टोपली त्या गर्दीत विरून जाते. आइस हॉकीत दोन्ही बाजूंचे मिळून पाच-सहा गोल होतात. त्यातला एखादा पक (बर्फावरून सरकणारी रबरी चकती) कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेला, तर तोच सामन्याचा निकाल ठरू शकतो. आणि तिसरं कारण गोलरक्षक. बाकीचे खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी बदलतात, तो मात्र साठही मिनिटं बर्फावर असतो. त्याचा दिवस लागला तर समोरच्यांचं निम्मं कौशल्य वाया जातं.

छोटे संघ स्पर्धेत पोहोचतात कसे, असं काहींनी विचारलं आहे. सहा कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट आहेत आणि प्रत्येकीच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या दहा जागा गणिती क्रमवारीनं भरतात. दुबळ्या कॉन्फरन्सचा विजेता साहजिकच तळाच्या मानांकनावर येतो आणि पहिल्याच फेरीत त्याची गाठ अव्वल संघाशी पडते. २०१८ मध्ये एअर फोर्सनं सेंट क्लाउड स्टेटला ४-१ हरवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजनं त्याच सेंट क्लाउड स्टेटला २-१ हरवलं. दोन्ही वेळा सेंट क्लाउड स्टेट देशात पहिल्या मानांकनावर होतं आणि दोन्ही वेळा जिंकणारा संघ अटलांटिक हॉकी या कॉन्फरन्सचा होता.

प्रश्न: होली क्रॉस विरुद्ध मिनेसोटा, २००६. याला सगळ्यात मोठा धक्का का म्हणतात?

दोन बाजूंमधलं अंतर बघा. मिनेसोटा विद्यापीठाच्या नावावर तेव्हा पाच राष्ट्रीय विजेतेपदं होती, त्यातली शेवटची दोन २००२ आणि २००३ ची, म्हणजे ताजीच. संघात फिल केसलसारखा अठरा वर्षांचा खेळाडू होता. त्याच जूनमध्ये एनएचएलच्या निवडीत बोस्टननं त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. समोर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचं होली क्रॉस, जेमतेम तीन हजार विद्यार्थ्यांचं जेझुइट कॉलेज. त्यांच्या कॉन्फरन्सच्या एकाही संघानं तोवर एनसीएए स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता.

निर्धारित साठ मिनिटांत ३-३ अशी बरोबरी झाली. जादा वेळ सुरू होऊन ५३ सेकंद होतात न होतात तोच होली क्रॉसच्या टायलर मॅक्ग्रेगरनं गोल केला आणि सामना संपला. एनसीएए स्पर्धेत जादा वेळ वीस-वीस मिनिटांचा असतो, पाच विरुद्ध पाच, आणि पहिला गोल होताच खेळ थांबतो. साखळी सामन्यांतला तीन विरुद्ध तीनचा पाच मिनिटांचा प्रकार इथे नाही. दुबळ्या संघाला हेच सोयीचं पडतं. तीन विरुद्ध तीनमध्ये मोकळी जागा मुबलक असते आणि मोकळ्या जागेत कसलेला खेळाडू हमखास भारी पडतो. पाच विरुद्ध पाचमध्ये गर्दीत लपता येतं.

एक गोष्ट अहवालांत निसटते. सामना नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला होता, साडेअकरा हजारांच्या रिंकमध्ये. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा यांचं जुनं वैर. त्यामुळे कागदावर मिनेसोटाला वरचं मानांकन असलं, तरी प्रेक्षक होली क्रॉसच्या नावानं ओरडत होते. याला उगाच फार महत्त्व देऊ नये, आरडाओरड्यानं गोल होत नाहीत. पण मोठा संघ मागे पडला किंवा बरोबरीत अडकला, की स्टँडमधला आवाज खेळाडूंच्या हातात उतरतो. पास अर्धा सेकंद उशिरा निघतो, शॉट मारायचा तिथे आणखी एक पास दिला जातो.

प्रश्न: समोरच्या संघाचे शॉट्स दुप्पट, तरी सामना बरोबरीत. हे शक्य कसं?

गोलरक्षकाचा हिशेब मांडा. अडवलेले शॉट्स भागिले एकूण शॉट्स, हे त्याचं सेव्ह प्रमाण. ०.९०० म्हणजे दहातला एक आत, ०.९५० म्हणजे वीसातला एक. मोठ्या संघानं ४० शॉट्स मारले आणि तुमचा गोलरक्षक त्या रात्री ०.९५० नं खेळला, तर गोल दोन. तुम्ही २० मारले आणि त्यांचा ०.९०० नं खेळला, तरी गोल दोनच. झाली बरोबरी.

पण चाळीसच्या चाळीस शॉट्स सारखे नसतात, आणि हुशार छोटा संघ नेमका इथेच कमाई करतो. निळ्या रेषेजवळून (गोलपासून लांब, आक्रमण क्षेत्राची हद्द), कोनातून, समोर कुणी आडवं नसताना आलेला शॉट कॉलेज पातळीवरचा गोलरक्षक सहज घेतो. घातक असतात ते तीन प्रकार: गोलसमोरच्या पट्ट्यातून मारलेले, गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी उभं असताना आलेले, आणि पक आडवा एका बाजूकडून दुसरीकडे गेल्या क्षणी मारलेले. शेवटच्या प्रकारात गोलरक्षकाला सहा फूट रुंदीच्या गोलमध्ये एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकावं लागतं आणि तो अजून हलत असतानाच पक येतो. तेव्हा फलकावर ४०-२० दिसलं, तरी त्या चाळीसांतले किती मधल्या पट्ट्यातले होते ते मोजा. ती संख्या आठ-दहाच्या आत असेल, तर छोटा संघ सामन्यात चांगलाच आहे.

प्रश्न: अमेरिकेत मुलाच्या कॉलेजच्या क्लब संघाला मी सहायक म्हणून मदत करतो. दोन आठवड्यांनी गटातल्या सगळ्यात तगड्या संघाशी सामना आहे. मुलं मेहनती आहेत, पण स्केटिंगमध्ये त्यांच्यापेक्षा हळू. सराव कशाचा घेऊ?

दोन आठवड्यांत मुलं वेगवान होणार नाहीत, त्यामागे लागू नका. पक कुठे असेल हे तुम्ही ठरवू शकता, एवढं धरून चला.

सुरुवात स्वतःच्या गोलसमोरून करा. दोन खांबांपासून तिरक्या रेषा दोन्ही बाजूंच्या फेसऑफच्या (खेळ पुन्हा सुरू करताना पक टाकतात त्या) ठिपक्यांपर्यंत काढा, तिथून सरळ वर्तुळांच्या वरच्या टोकापर्यंत न्या आणि वरून जोडा. या आकृतीला प्रशिक्षक ‘हाउस’ म्हणतात. सरावात तिच्या कोपऱ्यांवर शंकू ठेवा आणि पाच विरुद्ध पाच खेळवा. आक्रमकांचा गोल हाउसच्या आतून झाला तरच मोजायचा, बाहेरून झाला तर नाही. बचाव करणाऱ्यांना आपोआप कळतं की बाहेरचा शॉट द्यायचा, पण मधल्या पासच्या वाटेत काठी ठेवायची. नेहमीची चूक अशी: पक कोपऱ्यात गेला की दोघेतिघे त्याच्यामागे धावतात आणि हाउस रिकामं पडतं. कोपऱ्यात एकानं जायचं, दुसऱ्यानं आधाराला पाच-सहा फुटांवर थांबायचं, उरलेल्या तिघांनी हाउस सोडायचं नाही.

पक मिळाला की तो बाहेर कसा काढायचा, हा दुसरा मुद्दा. पकाकडे जाणाऱ्या बचावपटूनं आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचं. मागे दबाव नसेल तर कडेच्या फळीला लागून उभ्या असलेल्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) पास. दबाव असेल तर पक काचेवर आपटून निळ्या रेषेबाहेर. देखणं दिसत नाही, पण चालतं. स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास मात्र सक्त मना. अशा सामन्यांत पहिला गोल बऱ्याचदा त्याच पासवर खाल्ला जातो. आणि बाहेर मारताना जोर मोजून. मधल्या रेषेच्या अलीकडून मारलेला पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला की आइसिंग, मग फेसऑफ तुमच्या गोलजवळ, आणि थकलेले पाचही जण बदलता येत नाहीत. मोठे संघ याचीच वाट पाहत असतात.

मधल्या भागात १-२-२ लावा. पुढचा एकटा खेळाडू पक असलेल्याच्या अंगावर सरळ धावत जात नाही. तो कमानीसारखा वळून येतो आणि त्याला एका कडेकडे ढकलतो. सरळ गेला तर समोरचा मधून निसटतो आणि सगळी रचना कोसळते. त्याच्यामागचे दोघे ती कड बंद करतात, बचावपटू निळ्या रेषेवर थांबतात. समोरच्याला पक तुमच्या कोपऱ्यात फेकून त्यामागे धावण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही. तुमच्या मुलांचा वेग कमी असला, तरी त्यांचं तोंड आधीच आपल्या गोलकडे वळलेलं असतं, तेवढी दोन पावलं पुरतात.

शिफ्ट, म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक पाळी, ४० ते ४५ सेकंदांची, आणि दुसऱ्या सत्रात ३५ ची. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, त्यामुळे तुमचा बाक तुमच्या बचाव क्षेत्रापासून लांब जातो. पक अडकला की थकलेल्या बचावपटूला निळी रेषा ओलांडून बाकापर्यंत पोहोचता येत नाही आणि तो दीड-दीड मिनिट बर्फावर राहतो. कमकुवत संघांची पडझड बहुधा याच वीस मिनिटांत होते. दोन संपूर्ण सराव सत्रं लांबच्या बाकानं घ्या. नियम एकच: पक मधल्या रेषेपलीकडे खोल गेल्याशिवाय कुणी बदलायला वळायचं नाही.

पेनल्टीचा हिशेब मुलांना आकड्यांत सांगा. समोरच्यांचा पॉवर प्ले (तुमचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाचा त्यांचा खेळ) २५ टक्के यशस्वी असेल, तर तुमच्या सहा पेनल्टी म्हणजे सरासरी दीड गोल, दोन पेनल्टी म्हणजे अर्धा. काठीनं अडकवणं, पाडणं या पेनल्टी राग आल्यानं कमी आणि पाय थकल्यानं जास्त होतात. म्हणजे त्याचं औषधही छोटी शिफ्टच.

आणि नुसता बचाव करून भागणार नाही, इथे बरेच प्रशिक्षक फसतात. समोरच्या गोलरक्षकाला सत्रात तीन-चारच शॉट्स आले तर तो थंड पडतो हे खरं, पण त्याची परीक्षा कधीतरी घ्यावी लागते. दोघा-तिघांनी धाव घेतली की गोलरक्षकाच्या लांबच्या पायाच्या पॅडवर खालून शॉट, आणि दुसऱ्यानं थेट गोलसमोर जायचं. पॅडला लागून येणारा पक नेमका या दुसऱ्याच्या काठीसमोर पडतो. छान आडवा पास शोधत बसू नका. तो अडवला गेला की उलट धाव सुरू होते आणि तुमचे तिघे मागे राहतात.

रिंकची रुंदी आधी विचारून घ्या. नेहमीचं माप २०० बाय ८५ फूट, ऑलिम्पिक धाटणीचं २०० बाय १००. रुंद रिंकवर मुलं कडेपर्यंत पाठलाग करायला जातात आणि मध्य उघडा पडतो. तिथे कड सोडून द्यायची. मिनेसोटाचं स्वतःचं रिंकही बरीच वर्षं रुंद होतं, २०२३ मध्ये ते अरुंद करण्यात आलं.

प्रश्न: छोट्या संघांचे खेळाडू वयानं मोठे असतात म्हणे. हे नियमात बसतं?

बसतं. शाळा संपल्यावर बरीच मुलं विसाव्या वर्षापर्यंत ज्युनिअर लीगमध्ये खेळतात आणि मग कॉलेजात येतात. म्हणून शेवटच्या वर्षाला चोवीस वर्षांचे खेळाडू दिसतात. नामांकित संघ एनएचएलनं निवडलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं घेतात. ती एक-दोन वर्षांत व्यावसायिक होऊन निघून जातात. केसलही एकाच हंगामानंतर गेला. त्यामुळे मार्च महिन्यात एका बाजूला चार वर्षं एकत्र खेळलेली, अंगानं भरलेली मुलं असतात आणि दुसऱ्या बाजूला विलक्षण गुणी पण कोवळी. फळीजवळच्या झटापटीत तो फरक उघड दिसतो. आमच्या मते गोलरक्षकानंतर धक्कादायक निकालांचं सगळ्यात मोठं कारण हेच.

शिष्यवृत्त्यांचंही इथेच सांगून टाकतो. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतल्या पुरुष संघाला जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. युनियन कॉलेजही देत नव्हतं, आणि तरी २०१४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी मिनेसोटाला ७-४ हरवून विजेतेपद घेतलं. २०२५-२६ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमधल्या खेळाडूंनाही एनसीएएचं दार उघडलं आहे. त्यातले उत्तम खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे वळणार, त्यामुळे वयाचा हा फायदा छोट्यांच्या हातून काही प्रमाणात जाईल असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: १९८० मध्ये सोव्हिएत संघाला हरवणारा अमेरिकी संघ कॉलेजचा होता ना?

एका कॉलेजचा नव्हे. २२ फेब्रुवारी १९८० ला लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाला ४-३ हरवणारी अमेरिकेची राष्ट्रीय निवड होती. पण खेळाडू जवळजवळ सगळे कॉलेजांमधून आलेले आणि प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स मिनेसोटा विद्यापीठाचे. शॉट्स ३९ विरुद्ध १६, आणि जिम क्रेगनं ३६ अडवले. वरचा हिशेब लावून बघा, प्रमाण ०.९२३ येतं.

प्रश्न: मुलींच्या कॉलेज हॉकीतही असे निकाल लागतात का?

कमी. मुलींच्या स्पर्धेत बरीच वर्षं मोजक्या संघांचं राज्य होतं. सलग ६२ सामने जिंकणारं मिनेसोटा हे त्याचं टोक. म्हणूनच २०१४ चा अंतिम सामना महत्त्वाचा. क्लार्कसननं मिनेसोटाला ५-४ हरवलं, आणि डब्ल्यूसीएचए या एकाच कॉन्फरन्सबाहेर विजेतेपद प्रथमच गेलं. महिलांच्या नियमांत पुरुषांसारखं अंगावर जाऊन आदळणं चालत नाही. त्यामुळे वयाचा आणि ताकदीचा फायदा तिथे कमी, पासिंग आणि स्केटिंगचा जास्त.

प्रश्न: एका गोलनं मागे असताना गोलरक्षक कधी काढावा?

गोलरक्षकाऐवजी जादा आक्रमक उतरवायची नेहमीची वेळ म्हणजे शेवटचं दीड-दोन मिनिट. दुबळ्या संघानं थोडं आधी काढलेलं बरं, कारण पाच विरुद्ध पाचमध्ये बरोबरी साधायची त्याची शक्यता मुळातच कमी असते. दोन गोलनं मागे असाल तर साडेतीन-चार मिनिटं उरली असताना. पक तुमच्या ताब्यात आणि समोरच्यांच्या क्षेत्रात असेल तेव्हाच काढा. फेसऑफ त्यांच्या टोकाला असेल तर फारच उत्तम.

उलट स्थिती जास्त फसवी आहे. तुम्ही एका गोलनं पुढे आहात आणि समोरचं जाळं रिकामं. स्वतःच्या अर्ध्यातून लांबून नेम धरायचा मोह होतो. चुकला की आइसिंग, फेसऑफ तुमच्या गोलजवळ, पाच थकलेले विरुद्ध सहा ताजे. आधी मधली रेषा ओलांडा, मग मारा.

प्रश्न: असा संघ पुढच्याच सामन्यात का कोसळतो?

होली क्रॉस दुसऱ्या दिवशी नॉर्थ डकोटाकडून ५-२ हरलं. म्हणजे आदल्या दिवशी जे प्रेक्षक पाठीशी होते, तेच आता समोर. आरआयटीनं (रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) २०१० मध्ये डेन्व्हरला २-१ आणि न्यू हॅम्पशायरला ६-२ हरवून फ्रोझन फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची फेरी गाठली, मग विस्कॉन्सिननं त्यांना ८-१ लोळवलं. बेमिजी स्टेटनं २००९ मध्ये नोत्र दामला ५-१ आणि कॉर्नेलला ४-१ हरवलं, आणि उपांत्य सामन्यात मायामीकडून ४-१ हार पत्करली.

कारणं साधी आहेत. धक्कादायक विजयात प्रशिक्षक आक्रमकांच्या पहिल्या दोन लाइन्सना (एकत्र उतरणाऱ्या तिघांच्या जोड्यांना) जास्त खेळवतो आणि त्यांचे पाय दुसऱ्या दिवशी जड असतात. गोलरक्षकाचं ०.९५० रोज होत नाही. आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्यानं तुमची १-२-२ रात्री व्हिडिओवर पाहिलेली असते. तो मधून यायचा नादच सोडतो, पक स्वतःहून कोपऱ्यात टाकतो आणि तुमच्या बचावपटूंना दर शिफ्टला फळीवर आदळतो.

अपवाद २०१३ चं येल. कॉन्फरन्स स्पर्धेत त्यांनी शेवटचे दोन्ही सामने एकही गोल न करता गमावले होते, आणि मिशिगन आपल्या अंतिम सामन्यात हरलं म्हणूनच त्यांना जागा मिळाली. तिथून मिनेसोटाला जादा वेळेच्या नवव्या सेकंदाला ३-२, नॉर्थ डकोटाला ४-१, मॅसॅच्युसेट्स-लोवेलला पुन्हा जादा वेळेत ३-२. अंतिम सामना पिट्सबर्गला क्विनिपियाकशी होता. तो संघ देशात अव्वल आणि त्या हंगामात येलला तीनदा हरवलेला. येल ४-० नं जिंकलं. गोलरक्षक जेफ माल्कमनं ३६ च्या ३६ अडवले. येलनं चारही सामन्यांत मागे बसून वाट पाहण्याऐवजी वेगानं चढाई केली, त्यांच्याकडे तसे स्केटर होते. तुमच्याकडे नसतील, तर त्यांची नक्कल करायला जाऊ नका.